फुंकनळी नसताना काचेचा मासा पोकळ कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वस्तूंत निळ्या काचेचा एक मासा आहे. अंगावर पिवळ्या-पांढऱ्या लाटा, आतून पोकळ, आणि उघड्या तोंडातून ओतता येईल अशी ती बाटली आहे. तिचा काळ इ.स.पू. १४ वे शतक. पण काच फुंकण्याची युक्ती तर इ.स.पू. पहिल्या शतकातली. मग तेराशे वर्षं आधी हा मासा पोकळ कसा केला? त्या लाटा रंगवल्या आहेत का? आणि आज कुणाला असं भांडं करता येईल का?

आधी सरळ उत्तरं देतो. मासा फुगवून पोकळ केलेला नाही. आत आधी मातीचा मासा होता, त्याला गाभा म्हणतात. त्याच्यावर गरम काच चढवली आणि सगळं थंड झाल्यावर आतली माती खरवडून काढली. लाटा रंगवलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या रंगाच्या काचेचे दोरे आहेत, गरम असताना अंगात दाबून बसवलेले आणि टोकदार हत्याराने ओढलेले. आणि हो, आजही करता येतं. माझा मूळ धंदा प्रयोगशाळेची काचेची उपकरणं फुंकण्याचा, म्हणजे कंडेन्सर, फ्लास्क, वळणावळणाच्या नळ्या. पण गाभ्यावरची ही जुनी भांडी करून पाहण्याचा नाद लागला आणि तो सुटलेला नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात अभ्यासकांनी खणून काढलेलं आणि भट्टीपुढे हाताला कळलेलं, दोन्ही आहे.

हा मासा अमार्नाचा. अखेनातेन या राजाने वसवलेली आणि त्याच्या मागोमाग ओस पडलेली राजधानी ती. १९२१ साली तिथल्या एका घराच्या जमिनीखाली तो सापडला. लांबी साधारण १४ सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. मासा नाईल नदीतला तिलापिया. उजनीच्या काठावर ज्याला चिलापी म्हणतात त्याचाच हा भाऊबंद. याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. पिल्लं तोंडातून बाहेर पडताना पाहून इजिप्तच्या लोकांनी या माशाला पुनर्जन्माशी जोडलं. सुगंधी तेला-लेपाची बाटली या माशाच्या आकाराची का, आणि तिचं तोंड हेच माशाचं तोंड का, याचा उलगडा इथे होतो. कारागिराने आकार नुसता गंमत म्हणून निवडलेला नाही.

आता काचेचा स्वभाव. तो ध्यानात आला की पुढची सगळी कृती आपोआप समजते. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. साखरेचा पाक जसा एकतारीचा, दोनतारीचा, मग गोळीबंद होत जातो, तशी काच तापमानाबरोबर हळूहळू घट्ट किंवा पातळ होते. त्या काळच्या सोड्याच्या काचेत हजार अंश सेल्सिअसच्या आसपास दोरा ओढता येतो, आठशेला ती दाबली तर दबते पण वाहत नाही, सहाशेच्या खाली हत्यार लावाल तर ओरखडा उठेल किंवा तडा जाईल. काचकामगाराचं सगळं कौशल्य या पट्ट्यात वरखाली करत राहण्यात आहे. फुंकणं हे त्यातलं फक्त एक साधन. ते हाताशी नव्हतं म्हणून जुने लोक अडले नाहीत, कारण ताप कसा सांभाळायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कच्ची काच करणारे लोक आणि तिची भांडी करणारे लोक बहुधा वेगळे असत. काच करणं म्हणजे गारगोटीचं बारीक पीठ आणि खारट जमिनीतल्या झुडपांची राख एकत्र वितळवणं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कंतीर इथे, म्हणजे दुसरा रामसेस या इजिप्तच्या राजाच्या राजधानीत, या कामाचे शेकडो अवशेष सापडले. एडगर पुश आणि थिलो रेहरेन यांनी त्यांचा अभ्यास करून २००५ साली सगळी रीत मांडली. आधी कच्चा माल बिअरच्या जुन्या मडक्यांत नऊशे-साडेनऊशे अंशांना भाजायचा. मडकं फोडून अर्धवट काच काढायची, कुटायची, धुवायची. मग त्यात रंग मिसळून जाड मुशीत पुन्हा वितळवायची आणि मूस फोडून काचेची जाड गोल वडी काढायची. मला यातलं कुटून धुणं फार आवडतं. राखेतले न विरघळलेले क्षार काचेत राहिले तर ती गढूळ आणि ठिसूळ होते. हे त्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळलं होतं.

या वड्या व्यापारात फिरत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. १३०० च्या सुमारास बुडालेलं एक जहाज पाणबुड्यांनी खणलं. त्यात तांब्याच्या ढिगाऱ्याबरोबर सुमारे १७५ काचेच्या वड्या होत्या, बऱ्याचशा गडद निळ्या आणि आकाशी. अमार्नात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरच्या राजपत्रव्यवहारातही काच आहे. भूमध्य समुद्राकाठच्या अश्कलोन शहराचा सरदार यिद्या फॅरोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, लिहितो की आपल्या हुकमाप्रमाणे काचेचे ३० नग पाठवत आहे. राजाने पत्र लिहून मागवावी अशी ही वस्तू होती. आज घरातला फुटका पेला आपण कचऱ्यात टाकतो. ती नजर थोडा वेळ बाजूला ठेवली तरच ही भांडी नीट दिसतात, कारण तेव्हा काच लाजवर्द आणि पिरोजा या रत्नांच्या पंक्तीला बसत होती.

आता गाभा. जुन्या पुस्तकांत याला वाळूचा गाभा म्हटलेलं आढळतं, पण नुसती वाळू उभी राहत नाही. भांड्यांच्या आत चिकटून राहिलेल्या गाभ्यात माती, वाळू आणि वनस्पतींचे अंश मिळतात. हे मिश्रण का, ते करताना लगेच समजतं. माती आकार धरते. वाळूमुळे ती वाळताना आकसत नाही. शेण किंवा भुसा तापल्यावर जळून जातो आणि मागे बारीक पोकळ्या सोडतो. आपल्याकडचे ओतारी साच्याच्या मातीत शेण कालवतात ते याच कारणाने. वाफ आणि वायू त्या पोकळ्यांतून निघून जातात, आणि थंड झाल्यावर गाभा सहज भुगा होतो. गाभ्याकडून दोन उलट अपेक्षा असतात: गरम असताना त्याने काचेचं वजन पेलायचं आणि काम संपल्यावर स्वतः मोडायचं. माती जास्त झाली तर तो विटेसारखा भाजला जातो आणि बाहेर निघता निघत नाही. वाळू जास्त झाली तर सळई फिरवताना गळून पडतो.

हा गाभा धातूच्या सळईच्या टोकावर थापतात. माशासाठी माशाचा आकार, बाटलीसाठी बाटलीचा. मान सळईच्या बाजूला. मग वाळवणं, आणि इथे घाई चालत नाही. वरून सुकलेला दिसला तरी पोटात ओल असते, आणि ती ओल काचेखाली वाफ झाली की काचेला फोड येतो किंवा अख्खा कवच सुटतो. सुकल्यावर गाभा भट्टीत लाल होईपर्यंत भाजून घ्यायचा. काच चढवताना तो गरमच हवा. थंड गाभ्यावर काच धरत नाही आणि धरली तरी आतून तडकते.

काच नेमकी कशी चढवत याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. वितळलेल्या काचेत गाभा बुडवत, असं एक मत. काचेचा जाड दोरा भोवती गुंडाळत, हे दुसरं. गरम गाभा काचेच्या भरड पुडीत लोळवून वारंवार तापवत, हे तिसरं. मुशीत बुडवण्यावर माझा विश्वास बसत नाही. त्यासाठी काच पुष्कळ आणि चांगली पातळ हवी. त्या काळच्या छोट्या मुशींत आणि त्या तापमानाला गाभ्याभोवती गोळाच जमेल, सारखा थर येणार नाही. दोरा गुंडाळणं मी करतो, आणि लहान बाटलीला ते उत्तम जमतं. एका हाताने सळई फिरवत राहायची, दुसऱ्या हातातल्या काचेच्या कांडीचं टोक वितळवून तिचा दोरा खालून वर लावत न्यायचा, मधूनमधून तापवून सपाट दगडावर लोळवायचं म्हणजे फटी मिटून अंग एकसंध होतं. माशासारखा चपटा, पोटाला फुगीर आकार असेल तर पुडीची रीत सोयीची वाटते, कारण पूड खाचेखळग्यांत बसते. पण तिच्यात बुडबुडे जास्त राहतात. वेगवेगळ्या कार्यशाळांत वेगवेगळ्या रीती असणार. शेवटी कारागीर हाताशी असेल त्या मालाने काम करतो.

लाटांची गोष्ट मात्र वादाची नाही, कारण ती भांड्यांवर स्पष्ट दिसते. निळं अंग तयार झालं की पिवळ्या, पांढऱ्या, आकाशी काचेचे बारीक दोरे त्याच्याभोवती मळसूत्रासारखे गुंडाळायचे. या टप्प्याला भांड्यावर फक्त आडव्या रेघा असतात, उचललेल्या. मग पुन्हा तापवून दगडावर लोळवायचं, की दोरे अंगात बसून पृष्ठभाग सपाट होतो. आणि मग टोकदार हत्याराने वरून खाली ओढ. जिथे ओढ बसते तिथे प्रत्येक रेघ खाली वाकते आणि तोरणासारखी माळ तयार होते. एक ओढ खाली, शेजारची वर अशी दिली तर पिसासारखी नागमोड येते. माशाच्या अंगावरचे खवले असेच झाले आहेत, आणि त्यासाठी ब्रशची गरजच नव्हती.

हे वाचायला सोपं वाटतं. हाताला जे कळतं ते असं: ओढ द्यायच्या क्षणी वरचा दोन मिलिमीटरचा थर मऊ हवा आणि खालचा थर ताठ हवा. सगळंच मऊ झालं तर हत्याराबरोबर अंग सरकतं आणि बाटली तिरकी होते. वरचाही थर ताठ असेल तर दोरा ओढला जाण्याऐवजी तुटतो. म्हणून भट्टीच्या तोंडाशी झटकन वरून ताप द्यायचा, बाहेर काढून लगेच दोन-तीन ओढी, पुन्हा आत. संग्रहालयात अशी भांडी पाहाल तेव्हा अंगावर उजेड तिरका पडेल अशा बाजूने पाहा. उभ्या उथळ खोबणी दिसतील. त्या हत्याराच्या वाटा आहेत. काही भांड्यांवर त्या इतक्या नियमित आहेत की भांडं पन्हळी वाटतं, आणि कारागिराने त्या मुद्दाम ठेवल्या असाव्यात असं मला वाटतं.

रंगांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण या भांड्यांमधली सगळ्यात मोठी हुशारी तिथे आहे. गडद निळा कोबाल्टचा. तो इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या खारगा आणि दाखला मरूद्यानांजवळच्या तुरटीतून येई. आकाशी तांब्याचा. पिवळा शिसं आणि अँटिमनी यांच्या संयुगाचा, अपारदर्शक पांढरा कॅल्शियम आणि अँटिमनीच्या बारीक स्फटिकांचा. आता अडचण अशी, की प्रत्येक काच थंड होताना आपापल्या प्रमाणात आकसते. प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट काच दर अंशाला कोटीत ३३ भाग आकसते, मऊ सोडा काच ९० ते १०४ भाग. या दोन्ही एकमेकींवर चढवल्या तर थंड होताना तडा जाणारच. कधी लगेच, कधी आठवड्याने टेबलावर ठेवल्या जागी. निळ्या अंगात पिवळे-पांढरे दोरे तीन हजार वर्षं टिकून आहेत याचा अर्थ त्या सगळ्या काचांचं आकसणं जवळजवळ सारखं आहे. मूळ काच एकाच घडणीची ठेवून तिच्यात थोडाथोडा रंग मिसळायचा, हा त्याचा उपाय. मोजायला यंत्र नसताना पिढ्यान्‌पिढ्या फुटलेली भांडी पाहून हे प्रमाण बसवलेलं आहे.

त्यानंतर तोंडाची कड, मूठ, माशाला पर आणि डोळे. कड गरम करून चिमट्याने बाहेर ओढतात, तिच्यावर रंगीत दोरा बसवतात. मूठ म्हणजे काचेचा जाड तुकडा एका टोकाला चिकटवून, ओढून, वळवून दुसऱ्या टोकाला टेकवायचा. मूठ बसवताना अंग आणि मूठ दोन्हींचा ताप जुळला नाही तर सांधा वरवरचा राहतो. संग्रहालयांत मुठी तुटलेल्या आढळतात त्या बहुधा सांध्याशीच.

मग थंड करणं, ज्याला आम्ही कारखान्यात ॲनीलिंग म्हणतो. काचेची बाहेरची बाजू आधी घट्ट होते, आतली नंतर आकसते, आणि त्या ओढाताणीचा ताण काचेत कायमचा कोंडला जातो. तो सोडवायला भांडं पाचशे ते साडेपाचशे अंशांवर थोडा वेळ ठेवून मग अगदी सावकाश उतरवावं लागतं. गाभ्यावरच्या भांड्याला हे जास्तच गरजेचं, कारण आत माती आहे, ती उष्णता धरून ठेवते आणि काचेइतकी आकसत नाही. आजच्यासारखा तापमान नियंत्रक नव्हता. भट्टीशेजारच्या उबदार कप्प्यात किंवा गरम राखेत पुरून हे साधत असणार. आजच्या इराकमधल्या निनेवे इथे अशुरबनिपाल या असिरियन राजाच्या ग्रंथालयात काचेच्या कृती लिहिलेल्या पाट्या सापडल्या आहेत, इ.स.पू. सातव्या शतकातल्या. त्यात भट्टी मांडायला शुभ महिना पाहा, देवतांच्या मूर्ती बसवा, बळी अर्पण करा, अमुक लाकूड साल काढून वापरा असं बजावलेलं आहे. आमच्याकडेही नवी भट्टी पेटवताना नारळ फोडतात. ज्या कामात सगळं बरोबर करूनही सकाळी भट्टी उघडल्यावर तुकडे निघू शकतात, त्या कामातला माणूस देवाची आठवण काढणारच.

शेवटी सळई काढायची आणि गाभा खरवडायचा. माशाच्या किंवा बाटलीच्या अरुंद तोंडातून सगळी माती निघत नाही. म्हणून या भांड्यांची आतली बाजू खरखरीत, खड्ड्याखड्ड्यांची आणि धुरकट असते. बाहेरून अपारदर्शक काच वापरण्याचा हाही एक फायदा झाला.

ही रीत मेसोपोटेमिया आणि उत्तर सीरियाच्या बाजूला इ.स.पू. १६-१५ व्या शतकात सुरू झाली, तिसरा थुतमोस या राजाच्या काळात इजिप्तमध्ये रुजली, इ.स.पू. १२०० नंतर जवळजवळ मावळली, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या काठी पुन्हा उभी राहिली. ग्रीक थडग्यांत सापडणाऱ्या लांबट अलाबास्ट्रॉन आणि दोन मुठींच्या अँफोरिस्कॉस बाटल्या त्याच घराण्यातल्या. एकंदर दीड हजार वर्षं हे तंत्र हातातून हातात गेलं.

मग फुंकनळी आली. जेरुसलेमच्या जुन्या शहरात ज्यू वस्तीच्या उत्खननात एका स्नानकुंडाच्या भरावात काचकामाचा टाकाऊ माल सापडला, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याचा. त्यात काचेच्याच नळ्या एका टोकाला बंद करून फुगवलेल्या होत्या. फुंकण्याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. पन्नास-साठ वर्षांत ही युक्ती रोमन जगात पसरली आणि काचेची किंमत कोसळली. भूगोलकार स्ट्रॅबो लिहून ठेवतो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो.

तुमच्या माशाला जोडीदार सांगतो. अफगाणिस्तानात बेग्राम इथे जोसेफ आणि रिया हॅकिन यांनी १९३७ ते १९३९ या काळात दोन बंद केलेल्या खोल्या उघडल्या. आत भारतीय हस्तिदंत, चिनी लाखकामाची भांडी आणि रोमन काच एकत्र ठेवलेली होती, साधारण इ.स.च्या पहिल्या शतकातली. त्या काचेत मासे आहेत. फुंकलेले, पातळ, पारदर्शक, निळ्या काचेचे पर वरून चिकटवलेले. अमार्नाच्या माशाला गाभा करण्यापासून खरवडण्यापर्यंत दिवसांचं काम. बेग्रामचा मासा तरबेज हाताने काही मिनिटांत होतो. तो फार देखणा आहे. तरीही मला अमार्नाचा मासा जवळचा वाटतो, कारण त्यातला प्रत्येक दोरा हाताने जागेवर ठेवलेला आहे.

बेग्रामची काच तिथवर गेली त्याच व्यापारात आपणही होतो. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या माहितीत भडोच बंदरात कच्ची काच उतरते असं नोंदलं आहे. त्याच ठिकाणी पैठणहून अकीक आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून कापड भडोचला येतं असंही लिहिलंय. म्हणजे आपलं कापड आणि दगड गेले, आणि परत आलेल्या मालात काचेच्या वड्या होत्या. पाँडिचेरीजवळ अरिकामेडू इथे रोमन उभ्या कण्यांच्या वाडग्यांचे तुकडेही मिळाले आहेत. मोरेश्वर दीक्षित यांनी भारतीय काचेवर आणि मण्यांवर जे काम केलं ते या विषयात रस असलेल्या मराठी माणसाने जरूर पाहावं. आपल्याकडच्या कारागिरांचा जोर भांड्यांपेक्षा मण्यांवर आणि बांगड्यांवर राहिला, आणि त्यात त्यांची बरोबरी कमी ठिकाणी झाली.

अलंकृत काच म्हटल्यावर लोक पोर्टलँड व्हाज आणि लायकर्गस कप यांच्याबद्दल विचारतात, म्हणून थोडं त्यांच्याविषयी. यात गरम काम अर्धंच आहे, उरलेलं थंड काम, म्हणजे कोरणं. पोर्टलँड व्हाज गडद निळ्या काचेचं, त्यावर पांढऱ्या काचेचा थर, आणि तो थर कोरून काढलेल्या आकृत्या. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीचं. १८४५ साली एका माणसाने ब्रिटिश म्युझियममध्ये दगडी वस्तू फेकून त्याचे तुकडे केले, आणि तेव्हापासून ते तीनदा जोडलं गेलं आहे. इंग्लंडमध्ये जॉन नॉर्थवुड यांनी त्याची काचेतली प्रतिकृती १८७६ मध्ये पुरी केली, तिला तीन वर्षं लागली. इथेही निळ्या आणि पांढऱ्याचं आकसणं जुळणं हाच पाया आहे. ते जुळलं नसतं तर पहिल्याच छिन्नीला थर उडाला असता.

जाळीचे पेले याहून कठीण. तिसऱ्या-चौथ्या शतकातले. जाड भिंतीचा पेला घ्यायचा आणि बाहेरून कोरत आत जायचं, असं की बाहेर काचेची जाळी उभी राहते, आत पातळ पेला राहतो, आणि दोघांना जोडायला फक्त लपलेले बारीक काचेचे खांब. एक ठोका चुकला की महिन्यांचं काम गेलं. रोमन कायदेपंडित उल्पियन याने याच्यावर चक्क मत दिलेलं आहे आणि ते जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात टिकून आहे: कोरायला दिलेला पेला कारागिराच्या अडाणीपणामुळे फुटला तर भरपाई त्याने द्यावी, पण काचेतच आधी दोषाच्या चिरा असतील तर त्याला माफी मिळू शकते; म्हणून असं काम घेताना कारागीर ‘जोखीम आमची नाही’ असा करार करून घेतात. आजही गिऱ्हाईक स्वतःचं महागडं काचेचं उपकरण दुरुस्तीला आणतं तेव्हा आम्ही पावतीवर हेच लिहून घेतो. काचेत कोंडलेला ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि तो कुणाच्या पदरात टाकायचा हा प्रश्न अठराशे वर्षांत बदललेला नाही.

लायकर्गस कप चौथ्या शतकातला, ब्रिटिश म्युझियमने १९५८ साली घेतलेला. द्राक्षवेलीत अडकलेला थ्रेसचा राजा लायकर्गस त्यावर कोरला आहे. समोरून उजेड पडला की पेला हिरवा दिसतो, आतून उजेड आला की माणकासारखा लाल. कारण काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, एका मिलिमीटरच्या दहा-वीस हजाराव्या भागाएवढे. ते परत फेकतात तो उजेड हिरवट आणि पार जाऊ देतात तो लाल. धातूचं प्रमाण अगदी नगण्य आहे. इतकं थोडं सोनं-चांदी मुद्दाम मोजून घातली असेल असं मला वाटत नाही. एखाद्या घाण्यात रंग आला आणि त्या काचेचं मोल ओळखून ती सर्वोत्तम कोरक्याच्या हाती दिली गेली, ही शक्यता मला जास्त पटते.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. रोमन काचेवर मोरपिसासारखी इंद्रधनुषी झळाळी असते, तिला पुष्कळ जण सजावट समजतात. ती मातीतल्या ओलीने काचेतला सोडा शोषून नेल्यामुळे सुटलेल्या पातळ पापुद्र्यांची आहे. कारागिराच्या हातून गेलेली काच साधी, स्वच्छ होती.

आता करून पाहण्याबद्दल. सुरुवात मण्यापासून करा, बाटलीपासून नको. मातीचा लेप दिलेल्या स्टीलच्या सळईवर मणी गुंडाळणं म्हणजे हीच कृती लहान प्रमाणात आहे. मण्यावर आडवे दोरे बसवून ओढ द्यायला शिका. ओढी नीट पडायला लागल्या की अंगठ्याएवढा गाभा करा: चाळलेली शाडूची माती, बारीक वाळू, सुकं चाळलेलं शेण, अंदाजे सारखं, आणि आपल्या मातीप्रमाणे कमीजास्त. चार-पाच दिवस सावलीत वाळवा, मग भट्टीत सावकाश भाजा. काचेच्या कांड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच प्रसरणांकाच्या, म्हणजे तापल्यावर सारख्याच फुगणाऱ्या आणि थंड होताना सारख्याच आकसणाऱ्या, घ्या. भंगारातल्या बाटल्या रंगांसाठी मिसळू नका. पिवळा रंग स्वतः करायच्या फंदात पडू नका, शिसं आणि अँटिमनी दोन्ही विषारी आहेत. तयार पिवळी कांडी मिळते. डोळ्यांना सोड्याची पिवळी ज्योत अडवणारा डिडिमियमचा चष्मा हवा, खोलीत हवा खेळती हवी, आणि शेजारी गरम भट्टी तयार ठेवूनच ज्योत पेटवा, कारण पूर्ण झालेलं भांडं ठेवायला जागा नसेल तर ते तिथेच गेलं. भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. पाचशे वीस अंशांवर तासभर धरून, गाभा आत असल्यामुळे रात्रभर उतरवा.

गाभा काढताना भांडं कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि बोथट तारेने थोडं थोडं सोडवा. टोकदार सुई लावली तर आतून ओरखडा उठतो आणि तिथूनच तडा धावतो. माती निघाली की भांडं दोन पोलरॉइड फिल्मच्या मध्ये धरून उजेडाकडे पाहा, दोन्ही फिल्म एकमेकींना आडव्या ठेवून. पारदर्शक भागात कुठे उजळ डाग दिसला, विशेषतः मुठीच्या सांध्याशी, तर तिथे अजून ताण आहे. भांडं पूर्ण वाळवून पुन्हा ॲनीलिंगला लावा, आणि या खेपेला आत माती नसल्याने अर्ध्या वेळात उतरवलं तरी चालेल.